राखीव

'राखीव' हा शब्द कचेरीत, कॉलेजात, लोकलच्या डब्यात कुणी उच्चारला की समोरच्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू फुटतं. दोस्तहो, त्या हसण्याचा अर्थ आपल्याला पाठ आहे. तू मागल्या दारानं आत आलास. तुझी जागा तुझी नाही, ती कुणा गुणवंताच्या पोटावर पाय देऊन मिळालीय. हे हसू गिळतच आपण लहानाचे मोठे झालो.

आता हाच शब्द फुटबॉलच्या मैदानावर न्या. बड्या क्लबाचा एक पहिला संघ असतो. त्याच्या मागे राखीव संघ, म्हणजे रिझर्व्ह टीम. तिच्या मागे अठरा, पंधरा, तेरा वर्षांखालच्या पोरांचे संघ. आणि सगळ्यांच्या मुळाशी अकादमी. राखीव संघातला पोरगा आज पहिल्या संघात नाही. उद्या कुणाचा गुडघा गेला की त्याला हाक येणार. तोवर क्लब त्याला पोसतो. जेवण, बूट, डॉक्टर, प्रशिक्षक, सामने. तिथं 'राखीव' म्हटल्यावर कुणी हसत नाही. बाप गल्लीभर पेढे वाटतो.

एकाच शब्दाचे असे दोन भाव कसे? मी दहावी पास माणूस. जव्हारचा. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो आणि उरलेल्या वेळात कविता करतो. फुटबॉलचा पंडित नाही. पण वजन आणि भाव या दोन गोष्टी मला कळतात.

आधी अकादमी म्हणजे काय ते बघू. स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबानं १९७९ साली मैदानाशेजारच्या एका जुन्या शेतघरात बाहेरगावच्या पोरांची राहण्याची सोय केली. त्या घराचं नाव ला मासिया. २००० साली अर्जेंटिनातून १३ वर्षांचा एक पोरगा तिथं आला. उंची खुंटलेली, अंगात वाढीचं हार्मोन कमी. औषधाचा खर्च घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा. तो खर्च क्लबानं उचलला. त्या पोराचं नाव लिओनेल मेस्सी. २०१० साली जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबासाठी शेवटचे तिघं उरले, मेस्सी, झावी, इनिएस्ता. तिघंही त्याच अकादमीचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवांतेविरुद्धच्या सामन्यात तर बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू अकादमीत वाढलेले होते.

म्हणजे काय झालं? ज्याच्या पायाला जग देवाची देणगी म्हणतं, तो पाय सुईवर, दुधावर, रोजच्या सरावावर वाढला. गुणवत्ता आभाळातून पडत नाही. ती पोसावी लागते, आणि पोसायला कुणीतरी पैसे मोजावे लागतात. हे क्लबाच्या मालकाला पक्कं ठाऊक आहे. तो भांडवलदार आहे, भाबडा नाही. दहा पोरं पोसली तर कदाचित एक पहिल्या संघात जाईल, हे धरूनच तो हिशेब मांडतो. मग हाच वर्ग कॉलेजच्या दाराशी उभा राहून 'मेरिट, मेरिट' म्हणून गळा का काढतो? स्वतःच्या पोराची अकादमी त्याच्या घरातच असते म्हणून. आजोबाची पुस्तकं, बापाची ओळख, आईनं वेळेवर दिलेलं दूध, शांत खोली, शिकवणी. तीन पिढ्यांची अकादमी उरकून पोरगं मैदानात उतरतं, आणि वर म्हणतं, मी जन्मतःच असा.

आपल्याकडे याच्या उलटं घडलं. बाळू पालवणकर आठवा. चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. गोलंदाजी तासन्‌तास, फलंदाजी मात्र त्याच्या वाट्याला जवळजवळ नाहीच. १९११ साली तो इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. अकादमी नसलेला राखीव माणूस असा असतो. घाम घ्यायचा, पण पोसायचं नाही.

आता माझ्या मुलखात चला. जव्हार आणि मोखाडा. २०१४ पर्यंत ठाणे जिल्हा, आता पालघर. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, आणि कडेकडेनं आमची चार घरं. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं कुपोषणानं मेली, तेव्हा मंत्र्यांच्या गाड्यांना आमच्या घाटाची वाट सापडली. २०१६ मध्ये मोखाड्याचं नाव पुन्हा त्याच कारणासाठी पेपरात. मेस्सीची उंची खुंटली तर क्लबानं सुई आणली. आमच्याकडे उंची खुंटली की अंगणवाडीच्या वहीत नोंद होते. अगदीच काही होत नाही असं नाही. अमृत आहार योजनेत अंडं-केळं आलं. म्हणजे पोसल्याशिवाय पोर वाढत नाही हे सरकारलाही कबूल आहे. पण सहा वर्षांपर्यंतच. पुढं?

पुढं आश्रमशाळा. दोस्तहो, जरा कागदावर बघा. अकादमी म्हणजे काय? लांबच्या गावातली पोरं एका ठिकाणी आणायची, राहायला जागा, जेवण, शाळा, वैद्यकीय तपासणी, शिस्त. आश्रमशाळा म्हणजे काय? तेच. शब्दाला शब्द तेच. फरक एवढाच की अकादमीत पोरगं आलं की ते क्लबाची ठेव असतं. आश्रमशाळेत आलं की ते सरकारचं ओझं असतं. ठेवीवर व्याज चढतं, म्हणून तिची काळजी. ओझं कधी एकदा उतरतं याची वाट.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारनं अख्ख्या महाराष्ट्रात एका दिवसात दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला. सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होणार होता, नवी मुंबईत सामने होते. शाळाशाळांत चेंडू आले. आमच्या शाळेतही आला. फोटो निघाला. महिन्याभरात चेंडू कपाटात, कपाटाची किल्ली गुरुजींच्या खिशात. चेंडू देणं म्हणजे फुटबॉल देणं नव्हे. वही वाटली म्हणून कुणी शिक्षण दिलं असं होत नाही. प्रशिक्षक लागतो, सपाट जमीन लागते, दर आठवड्याला सामना लागतो, आणि सामन्यानंतर पोटभर जेवण लागतं.

काही भले लोक म्हणतील, आदिवासी पोरं मुळातच काटक, डोंगर चढणारी, त्यांना फक्त शोधायचा अवकाश. या कौतुकापासून सावध राहा. रक्तात चपळाई असते म्हणणारा उद्या रक्तात अक्कल नसते असंही म्हणतो. मिझोरामकडे बघा. तिथंही बहुसंख्य आदिवासीच. २०१६-१७ च्या मोसमात आयझॉल एफसी आय-लीग जिंकून देशाचा विजेता झाला. त्याच मोसमात तळाला कोण राहिलं? मुंबई एफसी. एवढं शहर, एवढा पैसा, आणि तळाला. मिझोरामनं २०१२ पासून स्वतःच्या मातीत स्वतःची लीग चालवली, म्हणून तिथली पोरं वर आली. आज मुंबई सिटीचे चाहते ज्या छांगटेच्या नावानं ओरडतात तो लालियानझुआला छांगटेही मिझोरामचा, आणि पुण्यातल्या डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीतून गेलेला. जी अकादमी मिझोरामच्या पोराला पुण्यात आणून घडवू शकते तिला जव्हार लांब पडतं, हे मला पटत नाही.

आणि ती अकादमी तरी कुठं राहिली? २०१७ नंतर डीएसके शिवाजियन्स मैदानात दिसला नाही. मालकाचा बांधकामाचा धंदा कोसळला, खेळ संपला. त्याआधी महिंद्र युनायटेड. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ, २०१० मध्ये कंपनीनं गुंडाळला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद. मुंबई सिटीत त्याच २०१९ साली परदेशी सिटी फुटबॉल ग्रुपनं मोठा हिस्सा घेतला आणि २०२५ च्या डिसेंबरात, आयएसएलचा पेच पडल्यावर, तो ग्रुप निघूनही गेला. मालक जातो तेव्हा पहिल्या संघातल्या नामवंताला दुसरा क्लब मिळतो. राखीव संघातला आणि अकादमीतला पोरगा ट्रंक उचलून गावाकडे निघतो. म्हणून मालकाच्या मर्जीवर आपली पोरं सोडू नका. दोन पोरं उचलली, जर्सी घातली, वार्षिक अहवालात फोटो छापला, याला मी संधी म्हणत नाही. याला दान म्हणतात, आणि दान परत घेता येतं.

गोदीचा इतिहास यात आपल्या कामी येतो. एकेकाळी गोदीत मुकादम बोट दाखवील त्याला काम, बाकीच्यांनी भिंतीला टेकून उपाशी बसायचं. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्यातून नोंदणी आली आणि 'रिझर्व्ह पूल' आला. म्हणजे राखीव कामगार. बोट लागली नाही तरी हजेरीचे पैसे आणि किमान मजुरीची हमी. जुन्या कामगारांनी लढून वदवून घेतलं की तुम्हाला माणूस राखीव हवा असेल तर थांबण्याचेही पैसे मोजा. आज आम्ही कंत्राटवाले पुन्हा भिंतीला टेकलोय, ते वेगळं दुखणं. पण तत्त्व तिथं लिहिलेलं आहे. राखायचं तर पोसायचं.

जव्हार-मोखाडा ही मुंबईची राखीव फौजच आहे. दिवाळी सरली की ट्रक येतात. उचल घेतलेली कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. शाळेच्या पटावर नाव, पोर मातीत. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पुरं झालं. पाणी मुंबईच्या नळाला, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, फिफाचा एक नियम आहे. एका देशातून दुसऱ्या देशात खेळाडूची विक्री झाली की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. नफ्यासाठी चालणाऱ्या खेळानंही कबूल केलंय की घडवणाऱ्याचा वाटा असतो. मग मुंबईला विटा आणि पाणी पुरवणाऱ्या मुलखाचे ५ टक्के कुठंयत?

कुणी म्हणेल, पोरांच्या पोटाला नाही आणि तू फुटबॉल काय घेऊन बसलास? हा प्रश्न फक्त आमच्याच पोरांना का विचारतात? अकादमीनं कधी म्हटलं का, आधी जेवा, दहा वर्षांनी खेळा? जेवण आणि खेळ तिथं एकाच ताटात येतात. आमच्या पोरांनीच रांग का लावायची? आधी अन्न, मग पाणी, मग शाळा, आणि खेळ पुढच्या जन्मी. पुढचा जन्म आपण १९५६ मध्येच नाकारलाय.

तेव्हा मागणी अशी. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्पातल्या प्रत्येक आश्रमशाळेत मुलामुलींचा संघ, पगारी प्रशिक्षक, ताटात रोज अंडं. या शाळांची आपसात लीग, जव्हारात आणि मोखाड्यात, आणि त्यांच्या संघांची क्लब म्हणून रीतसर नोंदणी, म्हणजे उद्या पोर मोठं झालं तर घडवणाऱ्याचा वाटा शाळेला मागता येईल. व्यावसायिक क्लबांनी निवड चाचणी आमच्या डोंगरावर घ्यावी. रेल्वे नसलेल्या तालुक्यातल्या बापाला शंभरावर किलोमीटर तुडवून अंधेरीला बोलावू नये. आणि निवडलेलं पोर वगळायचं झालं तर त्याचं शिक्षण पुरं करण्याची लेखी हमी, कारण अकादमीतल्या बहुतेक पोरांच्या नशिबी वगळणंच असतं.

हे मागायला सरकारकडे जाऊच. पण तुम्ही काय करणार? २०२२ मध्ये 'झुंड' बघून थिएटरात शिट्ट्या तुम्हीही मारल्या, मीही मारल्या. आता वरळीच्या, चेंबूरच्या, कल्याणच्या मैदानांवर खेळणाऱ्या आपल्या पोरांनी शनिवार-रविवारची एसटी धरावी. भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात. चार बांबू, एक शिट्टी, एक वही. लीग सुरू करायला एवढं पुरतं. जेवणाचं बघायला चळवळ आहे. भट्टीचे ट्रक दिवाळीनंतर घाट चढतात. आपण त्यांच्या आधी पोचायचं.

जय भीम.