‘रुग्ण शांत’ असे लिहिण्यापूर्वी

पंचाहत्तरीच्या एक आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. दुसऱ्या दिवशी अस्थिरोग वॉर्डात त्यांना तपासायला गेलो. केसपेपरवर ‘रुग्ण शांत’ असे लिहिले होते. मीही मान डोलावून पुढे निघालो. तेवढ्यात सून म्हणाली, “डॉक्टर, सासूबाई कधी गप्प बसत नाहीत हो. सकाळपासून मला ओळखतही नाहीत.”

परत फिरून पाहिले. आजींची लघवी तुंबली होती. त्या शांत नव्हत्या, त्यांना डिलिरियम झाला होता.

डिलिरियम म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक उद्भवणारा, कमी-जास्त होत राहणारा मेंदूचा गोंधळ. घरोघरी ‘वात झाला’ म्हणतात तोच. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांमध्ये तो बऱ्याचदा आढळतो. बडबडणारा, सलाइन उपटणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. निपचित पडलेला मात्र सुटतो, कारण तो कोणाला त्रास देत नाही. वेदना, जंतुसंसर्ग, कमी झालेले सोडियम, बद्धकोष्ठता, झोपेच्या गोळ्या अशी कारणे त्यामागे असतात. ती शोधली तर बहुतेकदा उपाय करता येतो. ‘वय झाले, चालायचेच’ म्हटले की शोध तिथेच थांबतो.

तपासणीला यंत्र लागत नाही. ‘फोर-ए-टी’ ही चाचणी दोन मिनिटांत होते. रुग्ण नीट जागा आहे का, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष सांगतो का, महिने उलटे म्हणतो का, अचानक बदल झाला आहे का, एवढेच पाहायचे. 4 किंवा अधिक गुण आले तर डिलिरियमची शंका घ्यायची. आपल्याकडे अनेक आजी-आजोबांना जन्मतारीखच ठाऊक नसते. म्हणून आधी त्यांना काय येत होते, हे घरच्यांना विचारलेच पाहिजे.

वॉर्डात खाटा जास्त आणि सिस्टर कमी, हे मला मान्य आहे. तरीही नाडी आणि रक्तदाबाशेजारी केसपेपरवर ही नोंद रोज व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

नातेवाइकांनीही संकोच करू नये. चष्मा, श्रवणयंत्र घरी ठेवू नका. दिवसा उजेडात बसवा, पाणी पाजा, रात्री झोपू द्या. आणि माणूस वेगळा वाटला तर लगेच सांगा. त्या दिवशी निदान मी केले नाही, सुनेने केले.