चट्टा लपवला का जातो?

कुष्ठरोगाचा पहिला चट्टा बहुधा दुखत नाही आणि खाजतही नाही. तिथली कातडी फिकट किंवा लालसर होते आणि स्पर्श कळेनासा होतो. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले, तर सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी आजार बरा होतो. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याची शक्यता संपते. तसेही दहातल्या नऊहून अधिक माणसांच्या शरीरात या जंतूंविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते.

तरीही आशाताई दारात आल्या की पदर किंवा बाही खाली ओढली जाते. घरातल्या मुलीची सोयरीक मोडेल, दुधाचे गिऱ्हाईक तुटेल, ही भीती असते. वर्ष-दोन वर्षे अशी जातात, तोवर नसा निकामी होतात आणि बोटे वाकडी होतात. ती बोटे पाहून गाव आणखी घाबरते, आणि पुढचा रुग्ण आपला चट्टा आणखी घट्ट झाकतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात औषध पोहोचलेले नाही असे नाही. औषधापर्यंत माणूस वेळेवर पोहोचत नाही, हे दुखणे आहे.

ही भीती उपजत असते का? चेहरे पाहणाऱ्या तान्ह्या मुलांवर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला आपल्या वंशाचा चेहरा आणि परका चेहरा सारखाच असतो. तीन महिन्यांचे बाळ मात्र रोज दिसणाऱ्या धाटणीच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहते. इस्रायलमध्ये इथिओपियातून आलेल्या कुटुंबांची बाळे दोन्ही प्रकारच्या चेहऱ्यांत वाढत होती. त्यांच्यात असा कल आढळला नाही. म्हणजे सवयीचे काय आणि परके काय हे बाळ शिकते. परक्यापासून लांब राहायचे, हा पुढचा धडा घरातली मोठी माणसे देतात, तेही न बोलता. गड्यासाठी कोनाड्यात ठेवलेली वेगळी कपबशी, पाणी वरून ओतायची पद्धत, एखाद्याला पाहून आजीने आवरून घेतलेले लुगडे. पाच वर्षांच्या पोराला एवढे पुरते.

हे धडे अंगात मुरलेले असतात, म्हणून नुसत्या माहितीने ते जात नाहीत. दर ३० जानेवारीला कुष्ठरोग निर्मूलनाची शपथ घेतली जाते. ती घ्यावीच. पण शपथ घेणारा सरपंच बरा झालेल्या रुग्णाच्या घरी चहा प्यायला, तर गावावर त्याचा परिणाम शपथेपेक्षा जास्त होईल.

एकत्र येण्यातही फरक असतो. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत क्रिकेटचे सामने भरवले. ८०० तरुणांना सोडत काढून कधी मिश्र जातींच्या, तर कधी एकाच जातीच्या संघात घातले. २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की एका संघातून खेळल्याने दुसऱ्या जातीतले मित्र वाढले, पण समोरासमोर खेळल्याने तो फायदा झाला नाही, उलट दुरावा वाढला. एका गावात राहूनही पिढ्यान्‌पिढ्या मने का जुळत नाहीत, याचे उत्तर बरेचसे इथे सापडते.

आपल्या शेजारी, भूमला लागून असलेल्या जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हे १९७० पासून ओळखले होते. दुष्काळात कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा पाणी कुठे आहे हे बघताना त्यांनी दलित वस्तीतल्या जागा निवडल्या. गावाला पाणी हवे तर तिथे जावे लागणार होते. व्याख्यान देण्यापेक्षा घागर घेऊन तिथे उभे राहायला लावणे त्यांना अधिक उपयोगाचे वाटले असावे. गावोगावच्या आरोग्य सेविकाही त्यांनी सगळ्या जातींतून घेतल्या, दलित बायकांसह. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की जात विचारायला कोणाला सवड नसते. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी ‘भारत वैद्य’ म्हणून गावातल्याच बायका तयार केल्या, त्यामागेही हीच जाण दिसते. ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्या दारी गाव औषधाला येऊ लागले.

दूर ठेवले गेलेलेही दुसऱ्याला दूर ठेवायला शिकतात. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झालेली परिषद महार आणि मांग वतनदारांची मिळून होती. दोन्ही समाजांना एका मांडवात आणावे लागले, यातच त्या शिकवणीची खोली कळते.

कायदाही याला अपवाद नव्हता. कुष्ठरोगावरची बहुविध औषधे १९८०च्या दशकातच देशात आली. रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा मात्र २०१६ पर्यंत पुस्तकात होता, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये निघाली. औषधाच्या मागे तीस-पस्तीस वर्षे.

आणि दवाखान्यांनी इतरांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःकडे पाहिलेले बरे. एचआयव्हीबाधिताच्या केसपेपरवर लाल शाईने मोठी खूण करणे, खाट कोपऱ्यात सरकवणे अशा भेदभावाला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे, तरी सवय पुरती मोडलेली नाही. शिकाऊ परिचारिका पुस्तकातून जंतूंची माहिती घेते आणि वरिष्ठांच्या हातांकडे पाहून वागणे शिकते. डॉक्टरने हातमोज्यांशिवाय, उघड्या हाताने कुष्ठरुग्णाची नस कोपराजवळ चाचपली, तर बाकावर बसलेले पंधरा जण ते बघतात. तपासणीला तशीही एवढीच गरज असते. नस हाताला जाड लागते की नाही, एवढे पाहायचे असते.