जुनं सुती फडकं घरातच राहू द्या

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या मराठी घरांतले माळेही रिकामे होतात आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका दारात येतात. मऊ झालेलं धोतर, पंचा, आजीचं लुगडं एका स्टीलच्या पातेल्यावर जातं. मग धूळ पुसायला दुकानातून फडक्यांचं रंगीत पाकीट आणलं जातं. हा सौदा साफ तोट्याचा आहे.

या सदराला जुन्या वस्तूंचा लळा आहे, हे वाचक जाणतात. पण इथे हिशेब धाग्याचा आहे. सुती धागा हवेतली सात-आठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून ओलसर सुती फडकं धूळ उचलतं आणि पॉलिएस्टरच्या साडीचा तुकडा ती नुसती इकडून तिकडे सारतो. मायक्रोफायबर धूळ चांगली धरतं, पण तेही पॉलिएस्टर-नायलॉनच. दर धुण्याला त्याचे तंतू गटारात जातात.

पूर्वी नऊवारी अंगावरून उतरली की तिची गोधडी, बाळाची दुपटी, मग फडकी व्हायची आणि शेवटी पोतेरं. काहीच वाया जात नसे.

बडोद्यात धुळीचा विषय निघाला की मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आठवतेच. तिसऱ्या सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. या लायब्ररीत पुस्तकांच्या मांडण्या पोलादी आणि मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. अशा काचेवर धूळ साचली तर उजेड अडतो. तिथली झाडपूस ही वाचकांचीच सेवा आहे.

पुस्तकांना मात्र ओलं फडकं लावू नये. कागद ओल पितो, मग बुरशी धरते. पुस्तक घट्ट मिटून वरच्या कडेवरून कोरडं, मऊ फडकं बांधणीकडून बाहेर फिरवावं. लक्ष्मी विलास राजवाड्यात रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. तसलं जुनं तैलचित्र घरात असेल तर त्याला कोरडं फडकंही नको, कारण सुटलेला रंगाचा पापुद्रा धाग्यात अडकून निघतो.

तेव्हा भांडीवाली आली की सिंथेटिक साड्या खुशाल द्या. सुती कपड्याचे मात्र चौकोनी तुकडे करा, कडांना टीप मारा. फर्निचरचं आणि पुस्तकांचं फडकं वेगळं ठेवा.