केमोथेरपी आणि वऱ्हाडचे ताट

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की अमरावती-अकोल्याकडच्या घरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो गावाचा आणि पैशाचा. उपचारासाठी कुठे न्यायचे, नागपूरला की मुंबईला? दुसरा प्रश्न त्यापाठोपाठ येतो आणि उपचार संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही: खायला काय द्यायचे? पहिल्या प्रश्नाची उत्तरे गेल्या दशकभरात बरीच वाढली. दुसऱ्याचे उत्तर मात्र अजूनही शेजारीपाजारी, नातेवाईक आणि मोबाईलवर फिरणारे संदेश यांच्याकडूनच मिळते आणि ते बहुधा ‘हे बंद करा’ याच शब्दांत असते.

उपचारांची सोय वाढली, हे मान्य करावेच लागेल. तेव्हाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. २०१७ पासून हीच योजना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालते आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा तिच्यात समावेश आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय पूर्वीपासून आहे. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे औपचारिक लोकार्पण २०२३ मध्ये झाले. अकोल्यात संत तुकाराम रुग्णालय आहे. त्यातच २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची ‘डे केअर’ केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे नागपूरची दीडशे ते अडीचशे किलोमीटरची वारी उद्या कदाचित अनेकींना करावी लागणार नाही.

परंतु ‘डे केअर’ या शब्दातच एक गोष्ट दडलेली आहे. सकाळी येणे, सलाईनमधून औषध घेणे आणि संध्याकाळच्या एसटीने घरी परतणे. तीन आठवड्यांच्या एका चक्रात रुग्णालयाचा वाटा एका दिवसाचा, उरलेले वीस दिवस घराचे. औषधाचे परिणाम दिसू लागतात ते या वीस दिवसांत, वॉर्डात नव्हे तर स्वयंपाकघरात. उपचार गावाजवळ आणताना आहाराचा सल्लाही सोबत आणला नाही, तर या सोयीचा निम्माच लाभ पदरात पडेल.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तरही दर काही दिवसांनी नवे होत असते, त्यामुळे मार त्यालाही बसतो. तोंड येते, चव जाते, मळमळते, जुलाब होतात. उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या ऑन्डानसेट्रॉनसारख्या औषधाने नेमके उलटे, म्हणजे बद्धकोष्ठ होते. साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी होतात आणि एरवी पचून गेला असता असा दूषित पाण्याचा एक पेला रुग्णाला थेट रुग्णालयात पोहोचवू शकतो. तसे झाले की पुढचे चक्र लांबते किंवा औषधाची मात्रा कमी करावी लागते. अन्नाचा आणि रोगाशी चाललेल्या लढाईचा सरळ संबंध आहे तो इथे. एखादा पदार्थ गाठ विरघळवतो म्हणून नव्हे, तर ठरलेले उपचार ठरलेल्या वेळी पूर्ण व्हावेत म्हणून.

आता या पार्श्वभूमीवर घरातले चित्र पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे अनेक जणी आजाराच्या आधीच अशक्त असतात. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याची सवय निदानानंतरही लगेच सुटत नाही. कित्येक घरांत भाकरी थापणारे हात तेच राहतात. त्यावर पथ्याचा भार पडतो. वांगे वातूळ म्हणून बंद. तुरीचे वरण पित्ताचे म्हणून बंद. अंडे उष्ण, ताक थंड, गूळ-साखर म्हणजे ‘गाठीचे खाद्य’. असे एकेक काढत गेल्यावर ताटात उरते ती पातळ खिचडी आणि भाताची पेज. ती दोन-चार दिवसांच्या जुलाबात योग्य. सहा महिन्यांच्या उपचाराला मुळीच पुरणारी नाही.

हिशेब साधा आहे. उपचारकाळात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पंचेचाळीस किलोच्या स्त्रीला ४५ ते ६७ ग्रॅम. दिवसभरातील भाकरींना १२० ग्रॅम ज्वारीचे पीठ धरले तर त्यातून सुमारे १२, आणि ५० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ११. एकूण २३. म्हणजे पथ्य न पाळताही निम्मी मजल बाकीच राहते. ती गाठायला दोन अंडी (१२ ग्रॅम), दोन पेले दूध (सुमारे १३) आणि मूठभर शेंगदाणे (७) पुरतात. माळकरी घरात अंडे चालत नाही, तिथे शेंगदाण्याचे कूट, दही, हरभरा आणि मुगाची डाळ यांनी भरपाई करावी लागते. महागड्या डब्यातील प्रथिनांच्या भुकटीची वेळ पुष्कळदा येतच नाही. अगदीच खाणे जात नसेल तर ती घ्यावी, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

वऱ्हाडच्या जुन्या जेवणात आतड्याला मानवणारे बरेच काही आहे, हे भावनेपोटी म्हणण्याची गरज नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात आणि तोच आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा खुराक. बद्धकोष्ठाच्या दिवसांत भाकरी, पालेभाजी आणि जवसाची चटणी उपयोगी पडते. तोंड आले असताना भाकरी गिळवत नाही, तेव्हा त्याच ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या किंवा आंबील चालते. जुलाब सुरू झाले की तंतू कमी करून मऊ भात, मुगाचे वरण, केळे आणि क्षारसंजीवनी यांकडे वळावे लागते. ठेचा आणि तर्रीला मात्र तोंडाच्या जखमा भरेपर्यंत रजा. वऱ्हाडी जिभेला हे जड जाते, पण त्याला इलाज नाही. खेदाची बाब एवढीच की या भागातील ज्वारीचा पेरा सोयाबीनने खाल्ला आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, तेव्हापासून भाकरी हीच अनेक घरांत चैनीची वस्तू होऊ लागली आहे.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दलची भीतीही तपासावी. त्यात इस्ट्रोजेनसारखा घटक असतो, म्हणून स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी त्याला शिवू नये, असे सर्रास सांगितले जाते. शांघाय येथील पाच हजारांवर रुग्णांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आहारातून सोया घेणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण जास्त नव्हे, कमी आढळले. याचा अर्थ सोयाच्या गोळ्या घ्याव्यात असा नाही. पण सभोवार सोयाबीन डोलत असताना स्वस्त प्रथिनाला बंदी करण्याचेही कारण नाही.

पाण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. तिथले भूजल खारे आहे. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, ही गोष्ट सांगूनही अनेकांना पटत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यात उलट्या-जुलाब आणि पाणी खारे म्हणून कमी पिणे. मूत्रपिंडावर ताण यायला आणखी काय हवे? या गावांतील रुग्णांना पिण्यासाठी आणि क्षारसंजीवनी कालवण्यासाठी गोड्या पाण्याची स्वतंत्र सोय करणे घरच्यांनी औषधाइतकेच निकडीचे मानायला हवे. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येते त्या वस्त्यांत साठवलेले पाणी उकळून, झाकून ठेवावे. ताक उकळून थंड केलेल्या पाण्यात घुसळावे आणि पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या असतील तर दही-ताकाबद्दल डॉक्टरांना विचारावे. फळे सोलून खावीत. वरूड-मोर्शीची संत्री त्या दृष्टीने सोयीची. हातगाडीवरचा उसाचा रस आणि बर्फ मात्र नको.

आतड्यातील जिवाणूंवर जगभर जोरात संशोधन चालू आहे आणि बाजारपेठ त्याच्याही पुढे धावते आहे. पित्तावाटे बाहेर टाकलेले इस्ट्रोजेन काही जिवाणूंतील विकरांमुळे पुन्हा मोकळे होऊन रक्तात परतते, हे ज्ञात आहे; त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाशी आतड्याचा संबंध असावा, हा तर्क निराधार नाही. परंतु त्यावरून प्रोबायोटिकच्या कुप्या विकणे ही फार लांबची उडी झाली. इस्रायलमधील २०१८ च्या एका अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्वचेच्या कर्करोगाच्या अभ्यासात इम्युनोथेरपीचा अधिक लाभ दिसला तो जास्त तंतू खाणाऱ्यांना. प्रोबायोटिक घेणाऱ्यांना तो दिसला नाही. तो रोग वेगळा, उपचार वेगळा, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. शिवाय प्रतिकारशक्ती खालावलेली असताना जिवंत जिवाणू पोटात घेणे सर्वांनाच निर्धोक नसते.

याहून धोकादायक आहेत त्या ‘निरुपद्रवी’ समजल्या जाणाऱ्या गोळ्या आणि काढे. आमटीतली हळद निराळी आणि मिरीच्या अर्कासह येणारी कर्क्युमिनची गोळी निराळी. नेदरलँड्समधील २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात अशा गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेनच्या क्रियाशील घटकाची रक्तातील पातळी घटलेली आढळली. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तरी केमोथेरपी चालू असताना यकृतावर आणखी एक शंका लादण्यात शहाणपण नाही. रक्तक्षयासाठी मिळणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण कॅपेसिटाबिन चालू असताना फॉलिक अॅसिडने त्या औषधाचे दुष्परिणाम, विशेषतः जुलाब, तीव्र होऊ शकतात. सरकारी गोळी आहे म्हणजे काही होणार नाही, असे इथे गृहीत धरता येत नाही.

शहरी अमरावतीत काही जणींबाबत चित्र उलटे असते. स्टेरॉइडने वाढलेली भूक, थांबलेली हालचाल आणि ‘अशक्तपणा भरून निघावा’ म्हणून चाललेला तुपा-शिऱ्याचा मारा यांमुळे वजन वाढते, साखर चढते. त्यांना द्यायचा सल्ला मेळघाटातून आलेल्या कृश स्त्रीला दिला तर अनर्थ होईल. म्हणूनच छापील तक्ता वाटून हे काम भागत नाही. माणूस लागतो: ताटात रोज काय पडते हे विचारणारा, कण्या आणि आंबील म्हणजे काय हे ठाऊक असलेला आहारतज्ज्ञ. नव्या ‘डे केअर’ केंद्रांची आखणी करताना खाटा आणि औषधांबरोबर या पदाचीही तरतूद व्हायला हवी.

तोवर एक गोष्ट खर्चाशिवाय करता येण्यासारखी आहे. केमोथेरपीची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते, त्यामुळे जवळपास प्रत्येक चक्राआधी रुग्णाचे वजन घेऊन फाईलमध्ये लिहिले जाते. पहिल्या चक्राला ४८, दुसऱ्याला ४६, चौथ्याला ४३. हे आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात, औषधाचा हिशेब झाला की पान उलटले जाते. तेच पान नातेवाइकांना दाखवून, मागच्या तीन आठवड्यांत बाई काय जेवली, एवढे त्याच टेबलाशी विचारता येईल.