खाडा पडला, आता हप्ता कोण भरणार?

सावर्डे आणि पंचक्रोशीतल्या बंधुभगिनींनो,

पावसाच्या तोंडावर कुणाच्या तरी पडवीचे पत्रे बदलायला पोरगा वर चढतो, पत्रा सरकतो, पाय मोडतो. लोक भेटायला जातात, शहाळी नेतात, जिवावरचं पायावर निभावलं म्हणतात. खरंच आहे ते. पण दीड-दोन महिने प्लास्टर, पुढे महिनाभर वजन उचलायचं नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला. नोकरदाराची रजा भरते, याचा खाडा पडतो. हे पत्रक त्या खाड्याबद्दल आहे.

उपचाराचं रडगाणं आम्ही गात नाही. डेरवणचं रुग्णालय जवळ आहे, सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना आहे, ऑपरेशनचं बिल एक वेळ भागतं. घरी आल्यावर किराणा कशावर भरायचा, याला मात्र कुठल्याच योजनेत रकाना नाही.

जुन्या कारागिराचं कसंबसं निभतं. गिऱ्हाईक बांधलेलं असतं, हाताखालचा माणूस चार दिवस काम ओढतो. आमचा प्रश्न नव्याचा आहे. कालपर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली राबलेला वायरमन, प्लंबर, रंगारी, वेल्डर, गॅरेजवाला. आज त्याचं स्वतःचं ड्रिल आहे, कटर आहे, जुनी बाइक आहे, आणि यातलं बरंचसं कर्जाचं. दोन महिने फोन उचलला नाही की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि परत येत नाही.

या पोरांना धंद्यात उतरा म्हणून सांगणारे कमी नाहीत. २०१५ साली मुद्रा आली. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा आली : अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. चांगली गोष्ट आहे. पण तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी आहेत. वायरमन, प्लंबर, मोटर मेकॅनिक नाहीत. जणू आजच्या गावात पंखा आणि पंप कुणी दुरुस्तच करत नाही! आणि जे आहेत, त्यांनी पहिलं कर्ज १८ महिन्यांत फेडायचं. त्या १८ महिन्यांत कोकणातला निदान एक अख्खा पावसाळा येतो, त्यात माणूस पडतोही, हे योजना लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

मग विमा दाखवतात. वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू झाला, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय गेले तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. म्हणजे हात तुटला तर पैसे आहेत, हात मोडला तर नाहीत. बरा होणाऱ्या माणसाला या विम्यात जागाच नाही.

हाच पोरगा राज्य कामगार विमा लागू असलेल्या कारखान्यात राहिला असता तर? आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत ९० टक्के. ही सोय १९४८ च्या कायद्यापासूनची आहे. पोरगा तिच्यातून सुटला तो धंदा स्वतःचा केला म्हणून.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा, असा सल्ला मिळतो. तिथे गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. कोकणात बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाला संपतो. मार्च-एप्रिलमध्ये स्वतःचं काम सुरू केलेला माणूस ९० दिवस कुठून आणणार? शिवाय सात घरी सात दिवस काम केलेल्याला दाखला द्यायचा कुणी? आणि गॅरेजवाल्याला तर ते दारच नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्याने दीड-दीड हजार रुपये जाहीर केले, ते नोंदणीकृत बांधकाम कामगारांना, परवानाधारक रिक्षावाल्यांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, घरकामगारांना. वहीत नाव नव्हतं त्याची चूलही वहीत नव्हती. हा रोग फक्त आपला नाही. ब्रिटनने २०२० मध्ये स्वयंरोजगारवाल्यांना मोठी मदत केली, पण मागच्या वर्षांची कर-विवरणपत्रं बघून. एप्रिल २०१९ नंतर धंदा सुरू केलेले पहिल्या तिन्ही हप्त्यांतून बाहेर राहिले. नव्या माणसाकडे जुने कागद मागायचे आणि नाहीत म्हणून परत पाठवायचं, ही रीत तिथलीही.

आता कायद्याचं बोलू. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा २००८ साली झाला. स्वयंरोजगार करणारा त्यात असंघटित कामगारच धरलेला होता, आणि कामावरच्या इजेसाठी राज्य सरकार योजना करू शकेल, असं त्यात नमूद होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या दोन्ही गोष्टी आहेत. २००८ च्या कायद्यात ‘करू शकेल’ होतं, ‘करेल’ नव्हतं, एवढ्या फटीतून इतकी वर्षं निसटली.

हे जमत नाही असं महाराष्ट्राने तरी म्हणू नये. रोज वेगळ्या मालकाचं ओझं उचलणाऱ्या हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ दिलं, भविष्यनिर्वाह निधी दिला. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर जखमी होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या मजुराला निदान निम्मी मजुरी द्यायचं लिहिलं होतं. चर खणताना मोडलेला पाय चालतो, मग पत्र्यावरून मोडलेला का नाही?

आमचं मागणं एवढंच. डॉक्टरने काम बंद सांगितलं की आठव्या दिवसापासून रोजगार हमीच्या दराने, २०२५-२६ मध्ये तो दिवसाला ३१२ रुपये होता, जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता. सरकारी योजनेतल्या कर्जाचे हप्ते तेवढा काळ पुढे ढकलायचे, दंडव्याज न लावता. पात्रता नोंदणीच्या दिवसापासून, ९० दिवसांची अट नको. फुकट नको आहे : महिन्याला १०० रुपये आम्ही भरू, उरलेलं राज्याने घालावं. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर गोळा होतोच. आपल्या दारातून जाणाऱ्या महामार्गाचं चौपदरीकरण कधी पुरं होईल ते देव जाणे, पण अशा कामांवरही तो उपकर लागतो.

लोक खोटी प्लास्टरं घालतील, असं कुणी म्हणेलच. शहरात घालत असतील. इथे कोण कुणाच्या छपरावरून कधी पडला हे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला ठाऊक होतं. डॉक्टरचा कागद आणि ग्रामपंचायत सदस्याची सही, एवढी पडताळणी पुरे. चार खोटे घुसतील म्हणून चाळीस खऱ्यांना उपाशी ठेवायचं असेल तर ठेवणाऱ्यांनी तसं उघड सांगावं.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. तो मंजूर करून तहसीलदार, आमदार आणि कामगार विभागाला पाठवायचा आहे. गणपतीआधीची कामं अंगावर असतील, तरी त्या दिवशी दोन तास काढा. ज्यांच्या घरचे दिवे, नळ आणि पंप आम्ही चालू ठेवतो, त्यांनीही यावं. हात वर करणारे फक्त कारागीर असले तर ठराव कारागिरांचाच राहील, गावाचा होणार नाही.

आपले,
सावर्डे पंचक्रोशीतले कारागीर

(वाचून झाल्यावर शेजारच्या वाडीत द्या.)