आवाज उशिरा येतोय? आधी पाकीट काढू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत लेटन्सीची सेटिंग दाखवली. मत मांडायला तिथे वेळ पुरला नाही, म्हणून ते इथे लिहिते. माझं साउंडच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे हे मत माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जाणारं आहे. तरी सांगते: हेडफोनमध्ये आवाज मागून येतोय एवढ्याच कारणासाठी नवा ऑडिओ इंटरफेस घेऊ नका. हप्त्यावर तर नाहीच नाही.

घरातल्या एका खोलीत व्हॉइसओव्हर, दुकानांच्या जाहिराती, भजनं, ऑडिओबुक असं काम सुरू करणारे बरेच जण येतात. "मॅडम, यापेक्षा भारी मॉडेल दाखवा" म्हणतात. मी दोन प्रश्न विचारते. बफर किती ठेवलाय? आणि रेकॉर्ड करताना कोणकोणते प्लगइन चालू असतात? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना माहीत नसतं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक असतं. अडचण तिथेच आहे.

उशीर होतो कुठे?

कम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने उचलत नाही, बादली भरली की उचलतो. या बादलीला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर सेकंदाला ४८,००० सॅम्पल येतात. बफर १०२४ असेल तर बादली भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक बादली आणि बाहेर जाताना एक, म्हणजे झाले ४३ च्या आसपास. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला जवळपास १५ मीटर लांबून आल्यासारखा ऐकू येतो. अशात ताल कसा सांभाळणार?

बफर १२८ केला की हाच हिशोब ५ मिलिसेकंदांच्या थोडा वर येतो. ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा वेळ त्यात वाढतो, पण काम होण्यासारखं असतं.

"मग कायम ३२ च ठेवू का?" नाही. बादली लहान केली की कम्प्युटरच्या फेऱ्या वाढतात. दमला की आवाजात टकटक, चरचर येते, आणि ती रेकॉर्डिंगमध्ये बसली तर टेक वाया जातो.

प्लगइनचा हट्ट

माझा खरा वाद इथे आहे. रेकॉर्ड करतानाच कॉम्प्रेसर, नॉइज काढणारा प्लगइन, मास्टरवर लिमिटर, सगळं लावून बसायची सवय लागली आहे. आता नीट बघा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवरचा प्लगइन फक्त ऐकताना लागतो, फाइल कोरडीच साठते. म्हणजे तुम्ही उशीर सोसता आणि फाइलमध्ये काहीच जास्त मिळत नाही.

पुढचा आवाज आधी बघून काम करणारे लिमिटर, लिनियर फेज इक्वलायझर आणि बरेचसे नॉइज काढणारे प्लगइन स्वतःचा उशीर घालतात. प्लेबॅकला सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक थांबवून सगळं जुळवून घेतं. पण माइकसमोर माणूस आत्ता बोलतोय, त्याचा उशीर कसा भरून काढणार? मास्टरवर असा एक प्लगइन राहिला तर बफर ६४ करूनही फरक पडत नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं, इंटरफेसच खराब आहे!

हिशोब व्यवसायाचा करा. समजा तुम्ही तासाला ६०० रुपये घेता आणि रोज अर्धा तास रीटेक आणि सेटिंगमध्ये जातो. महिन्याचे २० दिवस धरले तर ६,००० रुपये गेले. त्यात गायक बिचारा स्वतःलाच दोष देत घरी जातो, आणि परत येत नाही. हे नुकसान वहीत कुठेच दिसत नाही.

मी काय करायला सांगते

१. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच असिओ ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. मॅकवर कोअर ऑडिओ असतोच.

२. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे का बघा. फोकसराइट स्कारलेट सोलोसारख्या साध्या मॉडेलवरही ते असतं. माइकचा आवाज कम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. ते लावलं की सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

३. गायक म्हणणारच, "थोडा एको द्या, कोरडं गाता येत नाही." त्याचं बरोबर आहे, तो हक्क त्याला द्या. ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू ठेवून त्याचा थेट आउटपुट बंद करा, आणि प्री-फेडर सेंडवर रिव्हर्ब पूर्ण वेट ठेवा. मूळ आवाज थेट येतो, रिव्हर्ब मागून येतो. मोठ्या खोलीतही प्रतिध्वनी मागूनच येतो, त्यामुळे तो उशीर खटकत नाही.

४. रेकॉर्डिंगला बफर ६४ ते १२८, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. जड ट्रॅक आधी फ्रीझ करा.

५. ब्लूटूथ हेडफोन स्टुडिओच्या दाराबाहेर. त्याचा उशीर कुठल्याच बफरने कमी होत नाही.

आणि खर्च कधी करायचा?

गिटार कम्प्युटरमधल्या ॲम्पच्या प्लगइनमधून वाजवायची असेल तर डायरेक्ट मॉनिटरिंगचा उपयोग नाही. तिथे चांगला ड्रायव्हर आणि तगडा कम्प्युटर लागतोच. युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलोसारखे इंटरफेस प्लगइन स्वतःच्याच चिपवर चालवतात. तसं काम रोज असेल आणि त्याचे पैसे मिळत असतील, तर खुशाल घ्या. मीच बिल करून देईन.

पण एक माइक आणि एक आवाज एवढंच काम असेल, तर आज संध्याकाळी ही पाच कामं करा. मास्टरवरचे सगळे प्लगइन बंद करून एक टेक घ्या. त्यानंतरही आवाज मागे पडला तरच दुकानाची पायरी चढा. आणि वाचलेल्या पैशातून खोलीला जाड पडदे लावा. ते गिऱ्हाइकाला ऐकू येतात.