आडनाव झाले, आता कायदा

सुरतेत मराठी माणूस आमदार होईल का, हा प्रश्न लिंबायतने 2012 सालीच निकालात काढला. मतदारसंघांच्या पुनर्रचनेतून नव्याने झालेल्या या जागेवरून भाजपच्या संगीता पाटील तेव्हा निवडून आल्या, पुढे 2017 आणि 2022 मध्येही आल्या. 2022 ला इथे तब्बल 44 उमेदवार होते, गुजरातेत सर्वाधिक. तरी भाजपच्या पाटील, आम आदमी पक्षाचे पंकज तायडे आणि काँग्रेसचे गोपाल पाटील, म्हणजे तिन्ही मोठ्या पक्षांची तिकिटे मराठी आडनावांनाच गेली. 182 जणांच्या सभागृहात त्या वर्षी अवघ्या 15 स्त्रिया पोचल्या आणि त्यांतली एक मराठी बाई सलग तिसऱ्यांदा पोचली, याचे कौतुक जरूर व्हावे. मात्र तिन्ही दुकानांत एकच माल मिळू लागला की गिऱ्हाईक भाव सोडून प्रत पाहू लागते. आपण अजून आडनावाशीच घुटमळतो आहोत.

आमदाराने काय केले असे विचारले की आपल्याकडे रस्ते, गटारे, पथदिवे आणि बाकडी मोजली जातात. ही कामे मुळात सुरत महानगरपालिकेची. दर पावसाळ्यात मिठी खाडी फुगून लिंबायतच्या घरांत पाणी शिरते, त्याला इथे खाडीपूर म्हणतात; तिथेही आमदाराने पाठपुरावा करायचा आणि पालिकेने काम करायचे, अशीच वाटणी आहे. नगरसेवकाला, कलेक्टरला, आयुक्तालाही जे करता येत नाही आणि आमदारालाच करता येते, ते एकच: कायदा घडवणे. 2025 मध्ये गुजरातने कारखान्यांतला कामाचा दिवस आठवड्याच्या 48 तासांची मर्यादा राखून 12 तासांपर्यंत नेण्याची मुभा देणारा कायदा केला. ज्या वस्तीत घरटी कोणी ना कोणी लूम्सवर, म्हणजे यंत्रमागांवर, आहे, तिथे या विधेयकाची चर्चा गणपतीच्या वर्गणीहून जास्त व्हायला हवी होती.

म्हणून संगीता पाटील यांची कारकीर्द वाचायची तर तीही कायद्याच्या अंगाने वाचावी, आणि तसे वाचताना एक मागणी ठळक दिसते. 2017 च्या सुमारास त्यांनी लिंबायतला ‘अशांत धारा’ हा कायदा लावण्याची जाहीर मागणी केली. हिंदू वस्तीतली घरे एकामागून एक मुस्लिम खरेदीदारांकडे जात आहेत, ही त्यांची तक्रार होती. हा कायदा दंगलींच्या पार्श्वभूमीवर आधी 1986 मध्ये आणि मग 1991 मध्ये नव्या रूपात आला. अशांत ठरवलेल्या भागात घर विकायचे तर आधी कलेक्टरची परवानगी घ्यायची. विकणारा राजीखुशीने विकतो का आणि भाव रास्त आहे का, हे कलेक्टरने पाहायचे. 2019 च्या दुरुस्तीने त्यात वस्तीच्या लोकसंख्येचा समतोल बिघडतो का, हाही विचार घातला आणि शिक्षा कडक केली. 2021 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने दुरुस्तीतल्या काही कलमांखाली नव्या अधिसूचना काढायला मनाई केली.

मागणीमागचे भय खोटे आहे, असे म्हणून तिला झटकणे सोपे, पण अप्रामाणिक. 1992 ची दंगल या शहराने पाहिली आहे. दंगलीनंतर मातीमोल भावाने घर विकून निघून गेलेली माणसे काल्पनिक नव्हेत, आणि त्यांच्यासाठी असा कायदा हवाच होता. आक्षेप मुदतीवर आहे. तापातल्या माणसाला दिलेले औषध ताप उतरल्यावरही चालू ठेवले, तर तो आजारीच राहतो. शिवाय संमती आणि भाव तपासणे हे विकणाऱ्याचे रक्षण. शेजारी कोण राहील ते तपासणे म्हणजे त्याच्याच गिऱ्हाइकांची संख्या घटवणे. खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने आलेल्या कुटुंबाकडे शेत उरलेले नसते, फंड नसतो. लिंबायतची दोन खोल्यांची जागा हीच त्याची आयुष्याची पुंजी. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला ती विकायची वेळ आली, तर ‘अशांत’ ठरलेल्या भागात अर्ज, चौकशी आणि तारखा यांत महिने जाणार, आणि घाईत असलेल्याला भाव पाडून मागणारा कुठल्याही धर्माचा असू शकतो. कायदा मुसलमानासाठी आहे असे समजून टाळी वाजवणारा पाटील हे विसरतो की दस्तावेजावर विकणारा म्हणून सही त्याचीच असते.

लोकांनी तीनदा निवडून दिले, म्हणजे भूमिका मान्य केली, असा युक्तिवाद होतो. पण मतदान यंत्रावर कलम नसते, चिन्ह असते. मत कशाला पडले हे कोणी सांगू शकत नाही. दुसरा युक्तिवाद पक्षशिस्तीचा: आमदाराच्या हाती असते काय? विधेयकावर मत देताना ते खरे असेल. पण आपल्याच मतदारसंघाला एखादा कायदा लावा असे म्हणणे ही स्वतः पुढे होऊन केलेली निवड असते, आणि तिचा जाब विचारण्यात अनादर नाही. उलट बाकड्यांवरचे नाव मोजण्यापेक्षा तो मोठा मान आहे.

पुढची विधानसभा 2027 मध्ये. तेव्हा दारात येणाऱ्या तिन्ही पक्षांच्या पाटील-तायड्यांना चहा देता देता विचारता येईल: माझे घर मी कोणाला विकावे हे कलेक्टरने किती वर्षे ठरवायचे, आणि लूम्सवरची 12 तासांची पाळी तुम्हाला मान्य आहे का?